भारताचा १७ वर्षांखालील फुटबॉल संघ आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती मुख्यतः मुलांच्या संघाची आहे. मुलींच्या संघासाठी वेगळा प्रश्न खाली आहे. नोंदी २०२५च्या अखेरपर्यंतच्या.

भारत १७ वर्षांखालील विश्वचषकात किती वेळा खेळला?

एकदाच, २०१७ साली, तोही यजमान म्हणून. यजमानाला थेट प्रवेश असतो, पात्रता फेरी खेळावी लागत नाही. फिफाने डिसेंबर २०१३ मध्ये भारताला यजमानपद दिलं आणि ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात दिल्ली, नवी मुंबई, मडगाव, कोची, गुवाहाटी आणि कोलकाता अशा सहा शहरांत स्पर्धा झाली. मैदानावर जाऊन आशियातून पात्र ठरण्याचं काम भारताला अजून जमलेलं नाही. ‘विश्वचषक खेळलेला संघ’ आणि ‘विश्वचषकाला पात्र ठरलेला संघ’ यांत फरक आहे, आणि भारताची कामगिरी वाचताना तो विसरून चालत नाही.

२०१७चे तीन सामने कसे गेले?

तिन्ही सामने दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. (भारताचा गट आधी नवी मुंबईत खेळणार होता, नंतर तो दिल्लीला हलवला.)

६ ऑक्टोबर, अमेरिका: ०-३. जितेंद्र सिंगने जोश सार्जंटला पाडलं आणि ३०व्या मिनिटाला सार्जंटनेच पेनल्टी मारली. मध्यंतरानंतर ५१व्या मिनिटाला ख्रिस डर्किनने दुसरा गोल केला. ८४व्या मिनिटाला जे घडलं ते आजही खुपतं. अन्वर अलीचा फटका क्रॉसबारला लागून परत आला, भारताचे खेळाडू पुढेच राहिले आणि त्याच चेंडूवर झालेल्या प्रतिहल्ल्यात अँड्र्यू कार्लटनने तिसरा गोल केला.

९ ऑक्टोबर, कोलंबिया: १-२. तिघांतला हाच खरा सामना. पहिल्या सत्रात राहुल कन्नोलीचा फटका गोलखांबाला लागला. ४९व्या मिनिटाला हुआन पेन्यालोझाने कोलंबियाला पुढे नेलं. ८२व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जीक्सन सिंगने हेडर मारला आणि बरोबरी झाली. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताने केलेला हा पहिला गोल, आणि मुलांच्या किंवा मुलींच्या विश्वचषकातला आजवरचा एकमेव. स्टेडियम अजून नाचत होतं, तेवढ्यात पुढच्याच मिनिटाला पेन्यालोझाने दुसरा गोल केला.

१२ ऑक्टोबर, घाना: ०-४. एरिक आयाहने ४३व्या आणि ५२व्या मिनिटाला दोन गोल केले, मग ८६व्या आणि ८७व्या मिनिटाला आणखी दोन बसले. घानाचे खेळाडू उंचीत, ताकदीत आणि वेगात वरचढ होते, हे पहिल्या दहा मिनिटांतच दिसलं होतं.

एकूण: सामने ३, पराभव ३, गोल १, खाल्लेले गोल ९. गटात शेवटचं स्थान.

नऊ गोल म्हणजे संघ अगदीच कच्चा होता का?

गोलांची मिनिटं एका ओळीत लिहून पाहा: ३०, ४३, ४९, ५१, ५२, ८३, ८४, ८६, ८७. नऊपैकी तीन गोल मध्यंतरानंतरच्या पहिल्या सात-आठ मिनिटांतले आणि चार ८०व्या मिनिटानंतरचे. उरले दोन.

प्रशिक्षक लुईस नॉर्टन डी मातोस यांना हा संघ मिळाला मार्च २०१७ मध्ये, म्हणजे स्पर्धेला सात महिने उरले असताना. त्याआधी जर्मनीचे निकोलाय अॅडम प्रशिक्षक होते. डी मातोस यांनी बचाव खोलवर ठेवून प्रतिहल्ल्यावर भर दिला. अशा खेळात चेंडू बहुतेक वेळ समोरच्याकडे असतो आणि आपल्या मुलांना सतत बाजू बदलत धावावं लागतं. ७५ मिनिटांनंतर पाय जड होतात, ओळींमधलं अंतर वाढतं आणि मधल्या फळीतला खेळाडू परत यायला दोन पावलं उशीर करतो. या वयात ती दोन पावलं म्हणजे गोल.

मध्यंतरानंतरच्या गोलांचं कारण वेगळं. विश्रांतीत समोरचा प्रशिक्षक डाव बदलतो. ज्या मुलांनी वर्षभर अटीतटीचे सामने खेळले आहेत, ती पाच मिनिटांत नवा डाव ओळखतात. आपल्या मुलांनी सराव शिबिरं आणि परदेश दौरे भरपूर केले होते. दर आठवड्याला गुणांसाठी खेळायची लीग मात्र त्यांना मिळाली नव्हती. ती चूक नंतर थोडी दुरुस्त झाली. विश्वचषक संपल्यावर याच मुलांना ‘इंडियन अॅरोज’ या नावाने आय-लीगमध्ये मोठ्या संघांविरुद्ध उतरवलं. उलट क्रमाने झालं, एवढंच.

बाकी गोलरक्षक धीरज सिंगने तिन्ही सामन्यांत जे अडवलं, ते पाहता नऊचे बारा-तेरा सहज झाले असते.

आशियाई स्पर्धेतली सर्वोत्तम कामगिरी कोणती?

उपांत्यपूर्व फेरी, दोनदा: २००२ आणि २०१८. दोन्ही वेळा दक्षिण कोरियाने रस्ता अडवला.

२०१८ची स्पर्धा मलेशियात झाली. प्रशिक्षक होते गोव्याचे बिबियानो फर्नांडिस. गटात व्हिएतनामवर १-० (८६व्या मिनिटाला विक्रम प्रताप सिंगची पेनल्टी), इराणशी ०-०, इंडोनेशियाशी ०-०. गटात एकही गोल खाल्ला नाही. इराणविरुद्ध गोलरक्षक नीरज कुमारने पेनल्टीही अडवली. १ ऑक्टोबरला कोरियाविरुद्ध ०-१. गोल ६७व्या मिनिटाला, जोंग सांग-बिनचा. संपूर्ण स्पर्धेत खाल्लेला तो एकच गोल.

या संघाची अडचण दुसऱ्या टोकाला होती: चार सामन्यांत एक गोल, तोही पेनल्टीवर. बचाव शिकवता येतो आणि तो तुलनेने लवकर बसतो. गोल करणारा मुलगा घडवायला त्याला लहानपणापासून शेकडो सामन्यांत गोलसमोर उभं करावं लागतं.

उपांत्यपूर्व फेरीचा एवढा गवगवा का?

विश्वचषकाचं दार तिथेच असतं. २०१८ साली आशियाचे चार उपांत्य संघ २०१९च्या विश्वचषकाला जाणार होते, म्हणजे कोरियावर विजय मिळाला असता तर भारत स्वतःच्या बळावर विश्वचषकात गेला असता.

२०२५पासून नियम बदलले. १७ वर्षांखालील विश्वचषक आता दरवर्षी होतो, २४ ऐवजी ४८ संघ खेळतात, आणि २०२५ ते २०२९ या पाचही स्पर्धा कतारमध्ये आहेत. आशियाच्या जागा वाढून आठ झाल्या, यजमान कतार वेगळा. आशियाई चषकात १६ संघ असतात. त्यांतले आठ उपांत्यपूर्व फेरीत जातात. म्हणजे २०१८ला जिथे थांबून घरी परतावं लागलं, तिथवर पोचणं आज विश्वचषकाला पुरेसं आहे. जुन्या आणि नव्या संघांची तुलना करताना हे डोक्यात ठेवा.

२०१८ नंतर काय झालं?

२०१९: आशियाई स्पर्धेच्या ताश्कंदमधल्या पात्रता फेरीत तुर्कमेनिस्तानवर ५-०, बहरीनवर ५-०, उझबेकिस्तानशी १-१. गटात पहिलं स्थान. पण मुख्य स्पर्धा कोविडमुळे पुढे ढकलली आणि शेवटी रद्द झाली. आकड्यांच्या तक्त्यात या तुकडीच्या नावापुढे काहीच दिसत नाही. कदाचित ती सगळ्यांत चांगली तुकडी होती.

२०२२: सौदी अरेबियातली पात्रता फेरी. मालदीववर ५-०, कुवेतवर ३-०, म्यानमारवर ४-१, सौदीकडून १-२. सर्वोत्तम उपविजेत्यांमधून प्रवेश.

२०२३: थायलंडमधला आशियाई चषक. व्हिएतनामशी १-१, उझबेकिस्तानकडून ०-१, जपानकडून ४-८. जपानला चार गोल मारणं सोपं नाही आणि आठ खाणं शोभत नाही. एकाच सामन्यात दोन्ही झालं. एक गुण घेऊन संघ गटातून बाहेर.

२०२४: थायलंडमध्येच पात्रता फेरी, प्रशिक्षक इश्फाक अहमद. ब्रुनेईवर १३-०, तुर्कमेनिस्तानवर १-०, निर्णायक सामन्यात थायलंडकडून २-३. स्पर्धा हुकली.

२०२५: अहमदाबादला घरच्या मैदानावर पात्रता फेरी. पॅलेस्टाइनशी १-१, चायनीज तैपेईवर ३-१, लेबनॉनकडून ०-२. शेवटच्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, इराणविरुद्ध विजय हवाच होता. इराणने आघाडी घेतली, मध्यंतराच्या तोंडावर पेनल्टीवर बरोबरी झाली आणि दुसऱ्या सत्रात विजयी गोल आला: २-१. पुन्हा बिबियानो फर्नांडिसच बाकावर. या निकालाने २०२६च्या सौदी अरेबियातल्या आशियाई चषकाचं तिकीट मिळालं.

एकच स्पर्धा कधी ‘१६ वर्षांखालील’ तर कधी ‘१७ वर्षांखालील’ का?

पूर्वी आशियाई स्पर्धा विश्वचषकाच्या आदल्या वर्षी होत असे, म्हणून मुलं एक वर्षाने लहान असत आणि नाव ‘१६ वर्षांखालील’. २०२३पासून ती विश्वचषकाच्याच वर्षी येते, नावही ‘१७’ झालं. दक्षिण आशियाई, म्हणजे सॅफ स्पर्धेचं नाव तर १५, १६, १७ असं फिरत राहतं. जुना निकाल शोधताना वयोगटावर जाऊ नका, वर्ष आणि ठिकाण पाहा. नाहीतर एकच विजेतेपद दोनदा मोजलं जातं.

सॅफमध्ये भारताची कामगिरी कशी?

इथे भारतच दादा. सात विजेतेपदं: २०१३ (नेपाळमध्ये, अंतिम सामन्यात नेपाळवर १-०), २०१७ (नेपाळवर २-१), २०१९ (कल्याणी, नेपाळवर ७-०), २०२२ (कोलंबो, नेपाळवर ४-०), २०२३ (थिंफू, बांगलादेशवर २-०), २०२४ (थिंफू, पुन्हा बांगलादेशवर २-०) आणि २०२५ (कोलंबो, बांगलादेशशी २-२, शूटआउटमध्ये ४-१). २०११ला पाकिस्तानकडून आणि २०१५ला बांगलादेशकडून अंतिम सामन्यात हार.

मात्र या चषकांवरून आशियातल्या ताकदीचा अंदाज बांधू नये. २०२२ला सॅफ जिंकलेली तुकडीच पुढच्या जूनमध्ये जपानकडून आठ गोल खाऊन आली.

गटात गुण सारखे झाले तर कोण पुढे?

फिफाच्या २०१७च्या स्पर्धेत आधी एकूण गोलफरक पाहत. आशियाई स्पर्धांत आधी बरोबरीतल्या संघांचे आपापसांतले सामने पाहतात, मग गोलफरक. २०१८चं उदाहरण घ्या. भारत आणि इंडोनेशिया दोघांचे ५ गुण. आपापसांत ०-०, म्हणजे तिथे निकाल लागेना. मग गोलफरक: इंडोनेशिया अधिक २, भारत अधिक १. इंडोनेशिया पहिला, भारत दुसरा.

याचा अर्थ, पात्रता फेरीत दुबळ्या संघाला १३ गोल मारले तरी त्याचा उपयोग मर्यादित. थायलंडविरुद्धचा तो एक सामना हरला की ब्रुनेईवरचे १३ गोल कपाटात ठेवायचे.

भारताने इटलीला खरंच हरवलं होतं का?

मे २०१७ मध्ये इटलीच्या दौऱ्यावर भारत २-० जिंकला आणि ‘इटलीच्या १७ वर्षांखालील संघावर विजय’ अशी बातमी देशभर झाली. समोर इटलीचा अधिकृत राष्ट्रीय संघ नव्हता, तिथल्या खालच्या श्रेणीच्या लीगमधल्या मुलांचा निवड संघ होता. सामना झाला, गोल अभिजित सरकार आणि राहुल कन्नोली यांचे, यात खोटं काही नाही. राष्ट्रीय संघाच्या नोंदीत मात्र तो धरू नये.

दौऱ्यावरच्या कुठल्याही निकालाला हीच कसोटी लावा. समोरच्या देशाच्या महासंघाने तो सामना आपला म्हणून नोंदवला आहे का, हे पाहायचं. याउलट ऑक्टोबर २०१६ मध्ये गोव्यात झालेल्या ब्रिक्स चषकात ब्राझीलकडून १-३ असा पराभव झाला, पण कोमल थाटलने ब्राझीलविरुद्ध गोल केला. तो पराभव इटलीतल्या विजयापेक्षा जास्त वजनाचा.

वयाची चोरी कशी पकडतात?

जन्मतारखेची सीमा १ जानेवारी असते. २०१७साठी १ जानेवारी २००० किंवा त्यानंतर जन्मलेली मुलं चालत होती. कागद खोटे असू शकतात, म्हणून फिफा २००९पासून मुलांच्या १७ वर्षांखालील स्पर्धेत मनगटाचं एमआरआय करते. कोपरापासून अंगठ्याच्या बाजूला येणाऱ्या हाडाचं वाढीचं टोक पूर्ण जुळलेलं दिसलं, तर मुलगा जवळजवळ नक्कीच १७च्या वरचा, असा निष्कर्ष निघतो. देशांतर्गत स्पर्धांत हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढायची ‘टीडब्ल्यू-३’ पद्धत वापरतात.

इथे एक अन्याय होतो, तोही सांगायला हवा. काही मुलांची हाडं वयाच्या मानाने लवकर जुळतात. कागद खरा असूनही असा मुलगा बाद ठरू शकतो. पालकांनी हे आधीच समजून घेतलेलं बरं. मुलींना मनगटाची एमआरआय चाचणी लागू करत नाहीत, कारण त्यांची हाडं आधी जुळतात आणि निष्कर्ष फसवा येतो.

महाराष्ट्र आणि गोव्याचा वाटा किती?

२०१७च्या २१ जणांत आठ मणिपूरचे होते, कर्णधार अमरजित सिंगसह. महाराष्ट्राचा अनिकेत जाधव: कोल्हापूरचा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आघाडीवीर. पुढे २०१८ला तो इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावासाठीही गेला. दुसरा नमित देशपांडे, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला बचावपटू.

गोव्याचा वाटा खेळाडूंपेक्षा प्रशिक्षक आणि मैदानांचा. २०१६ची आशियाई १६ वर्षांखालील स्पर्धा गोव्यात झाली. भारत तिथे अमिरातीकडून २-३ हरला, सौदीशी ३-३ खेळला आणि इराणकडून ०-३ हरला. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७चा स्पेन-माली उपांत्य सामना झाला आणि २०२२ला मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही.

मुलींच्या संघाचं काय?

मुलींचा विश्वचषक भारतात २०२०ला व्हायचा होता. कोविडमुळे ती आवृत्ती रद्द झाली आणि भारताला २०२२चं यजमानपद मिळालं. ऑगस्टमध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं, तेव्हा तेही जाण्याची वेळ आली होती. अकरा-बारा दिवसांत निलंबन उठलं. भुवनेश्वरला अस्तम ओरावच्या संघाने अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असे सामने गमावले. अमेरिकेचा निकाल बाजूला ठेवा. पहिल्यांदाच विश्वचषक खेळणाऱ्या मोरोक्कोविरुद्ध गोल न होणं हे खरं दुखणं.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये बिश्केकला किर्गिझस्तान आणि उझबेकिस्तान या दोघांना २-१ असं हरवून मुली २०२६च्या चीनमधल्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या. यजमानपदाची कुबडी न घेता.

२०१७ची मुलं पुढे कुठे गेली?

जीक्सन सिंग, अन्वर अली, सुरेश सिंग वांगजाम, लालेंगमाविया (अपुइया), रहीम अली, अमरजित सिंग हे सगळे वरिष्ठ राष्ट्रीय संघापर्यंत पोचले. अन्वर अलीला मध्येच हृदयाचा दोष निघाला, खेळायला बंदी आली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि तो परतला. तीन पराभवांच्या संघातून इतके वरिष्ठ खेळाडू निघाले, हे निकालांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

भारत आशियाई स्तरावर युवा गटात कधी जिंकला आहे का?

हो, पण वरच्या वयोगटात. १९७४ साली बँकॉकला आशियाई युवा स्पर्धेचा अंतिम सामना इराणशी २-२ सुटला आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. कर्णधार शब्बीर अली.

परदेशात वाढलेला मराठी मुलगा भारताकडून खेळू शकतो का?

भारतीय पासपोर्ट असेल तर हो. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) चालत नाही. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतलेल्या मुलाला तो सोडून भारतीय नागरिकत्व घ्यावं लागतं. नमितकडे भारतीय पासपोर्ट होता म्हणून जमलं. मुलगा दहा-बारा वर्षांचा असतानाच याचा विचार करा. नागरिकत्वाचे कागद स्पर्धेची तारीख पाहून हलत नाहीत.

माझ्या मुलाला इथवर पोचायचं असेल तर?

मार्ग तीन. शाळेतून: सुब्रतो चषक, जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय फेरी. राज्य संघटनेतून: महाराष्ट्रात ‘विफा’, गोव्यात गोवा फुटबॉल संघटना, राज्य संघातून राष्ट्रीय कनिष्ठ स्पर्धा. क्लबच्या अकादमीतून: महासंघाच्या युवा लीगमध्ये वर्षभर सामने. आज सगळ्यांत जास्त नजरा तिसऱ्या मार्गावर असतात, कारण तिथे एकाच मुलाला अनेक सामन्यांत पाहता येतं.

कागदपत्रांत मुलं अडकतात ती नावाच्या स्पेलिंगवर. जन्मदाखला, आधार, शाळेचा दाखला, पासपोर्ट या चारही ठिकाणी नाव, वडिलांचं नाव आणि तारीख तंतोतंत एक हवी. जन्मानंतर लगेच नोंदवलेला दाखला सर्वांत भक्कम. दहाव्या वर्षी काढलेल्या दाखल्याकडे निवडणारे संशयानेच पाहतात. पासपोर्ट चौदाव्या वर्षीच काढून ठेवा. शिबिराची यादी आली की परदेश दौऱ्याला अनेकदा थोडेच दिवस उरलेले असतात.

आणि मुलाची जन्मतारीख नोव्हेंबर-डिसेंबरमधली असेल, तर तेराव्या-चौदाव्या वर्षी तो जानेवारीत जन्मलेल्या मुलांसमोर लहान दिसणारच. तेव्हा यादीत नाव आलं नाही म्हणून क्लब सोडू नका. सोळाव्या वर्षी तो फरक बराच कमी झालेला असतो.